डॉक्टरबाई आणि माझी कबुतरे

संत तुकाराम नगरातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर डॉ. तळवलकरबाई रोज सकाळी कबुतरे हुसकायला स्टीलची परात बडवतात, ही बाब मी येथे जाहीरपणे नमूद करतो. त्यांचा रोष माझ्या कबुतरांवर. मी या पाखरांना दाणे घालतो. मी, ज्याच्या अर्जाची भाषा वाचून कचेरीतले साहेबसुद्धा खुर्चीत सरळ बसतात!

"अर्जनवीस, तुमचे हे पाहुणे लोकांच्या मेंदूत बुरशी लावतात," असे त्या जिन्यात, चारचौघांत म्हणाल्या. विष्ठेतली बुरशी श्वासातून शिरते, अशक्त माणसाचा मेंदू गाठते, आणि असे विरळा रुग्ण हुडकून बरे करणे हेच त्यांचे काम. लग्नाच्या पंगतीत कोणी कपाळ दाबले, की यांची उलटतपासणी सुरू: "उलटी होते? मान वाकते?" एकदा तर नवरदेवालाही सोडले नाही!

पुढे चाकण रस्त्यावरचा आमचा सलीम मेकॅनिक आजारी पडला. दम्यापायी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेऊन प्रतिकारशक्ती गमावलेला. गॅरेजच्या पत्र्याखाली कबुतरांची वस्ती. डोके फुटेल असे दुखे. आधीच्या दवाखान्यात मेंदूचा टीबी समजून औषधे दिली. तो आईलाही ओळखेना, तेव्हा त्याला बाईंच्या वॉर्डात आणले. तळवलकरबाईंनी पाठीतले पाणी तपासायचे म्हणताच त्याची आई, अमिनाचाची, आडवी आली. "न्हाई! पाठीत सुई गेली की मानूस लुळा व्हतो." साऱ्या आळीचे हेच मत. कुटुंबाच्या वतीने मी हजर झालो आणि जबाबदारी निश्चित करण्याची रीतसर मागणी केली.

"अर्जनवीस, बुरशी पुढची तारीख देत नाही!" बाई गरजल्या. "बबनराव, उठा. चाचींना चालून दाखवा. चाची, यांच्या पाठीत किती सुया टोचल्यात, विचारा."

"मोजायचं सोडलं राव," म्हणत शेजारच्या खाटेवरचे बबनराव वॉर्डभर चालले. सगळे बघताहेत म्हटल्यावर दोन बैठकाही मारल्या. चाचींनी होकारार्थी मान हलवली.

पाठीतल्या पाण्यात काळी शाई मिसळून बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी ओढले. "शाई तुमच्या प्रांतातली. बघा." काळोखात उजळ कड्यांचे गोल तरंगत होते. ज्या शाईवर माझे उभे आयुष्य गेले, तिच्यात असली घाण! मी संतापलो. बाई मात्र "सापडली बुरशी" म्हणून मटकन खाली बसल्या.

शिरेतून औषध सुरू झाले. काही दिवसांनी, परातीचा विषय निकाली काढण्याच्या तयारीने, मी भर दुपारी वॉर्डात गेलो. औषधाने सलीमला हुडहुडी भरली होती आणि बाई त्याचे पाय घोंगडीत गुंडाळून, घट्ट धरून बसल्या होत्या.

"अम्मा," सलीम कुडकुडत म्हणाला, "तू जेवलीस का?"

चाचींनी पदर तोंडात कोंबला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, तुमी बी घरला जावा. जेवायचं थांबली असतील मानसं."

"माझ्यासाठी कोणी थांबत नाही हो, चाची."

चाचींनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. मी दारातच उभा राहिलो. एरवी चालता-चालता बिस्कीट कोंबणाऱ्या बाई एकेक घास इतका सावकाश चावत होत्या, जणू भाकरी संपली तर उठावे लागेल.