जागच्या जागी एक मैल

पळायला रस्ता लागतो, ही अडाणी समजूत आहे. रस्त्यावर खड्डे असतात, कुत्री असतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणसं असतात. मी लोणंदमध्ये, माझ्या स्वतःच्या पिठाच्या गिरणीत, जागचा न हलता रोज एक मैल पळत होतो. तोही सहा मिनिटांत! १९७६ साली जिल्ह्यात असा दुसरा कुणी असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. पुढं येता येत असेल तर.

आता गिरणीवाल्याला पळायचं कारण काय? कारण राही. मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात मी तिला बघायला गेलो होतो. पोह्यांची बशी देताना तिनं माझ्या कानाकडं बघितलं आणि ओठ दाबून हसली. नंतर कळलं, कानात ज्वारीचं पीठ राहिलं होतं. मला ती मनापासून आवडली. तिलाही मी चालणार होतो, तिच्या आईला, चंद्राबाईंनाही चालणार होतो. पण तिचे वडील लालासाहेब म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांना चालणारा जावई नको होता, पळणारा हवा होता.

"खालच्या पुलापासनं आमच्या दारापातुर एक मैल," ते म्हणाले. "आठ मिन्टांत आलास तर पोरगी तुजी. नवव्या मिन्टाला दार बंद."

थोरला जावई नानासो त्यांनी असाच निवडला होता. तो म्हणे साडेपाच मिनिटांत आला होता.

"सध्या कुठं असत्यात नानासो?" माझ्या मामांनी सहज विचारलं.

चंद्राबाईंनी मामांना आणखी पोहे वाढले.

मला दोन महिन्यांची मुदत मिळाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी हाफ चड्डी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट चढवून मी स्टेशनच्या रस्त्यानं पळायला लागलो. पण लोणंदमध्ये माणूस पळताना दिसला की लोकांना एकच कळतं, याची गाडी चुकतेय.

"पळ पळ, सिग्नल पडलाय!" पानवाला ओरडला.

मी मानेनंच नाही म्हणालो. लोकांना वाटलं, दमला बिचारा. दोन हमालांनी मला दोन्हीकडून काखेत धरलं, फलाटावर नेलं आणि हलत्या पॅसेंजरमध्ये कोंबलं. आतल्यांनी ओढून घेतलं, सरकून जागा दिली, एका बाईंनी तांब्यातलं पाणी पाजलं. इतक्या मायेच्या माणसांना मी नुसताच पळत होतो हे कोणत्या तोंडानं सांगायचं? सालप्याला उतरलो आणि तसाच चड्डीवर चालत घरी आलो. त्या दिवसात मी बारा आणे भाग चाललो आणि चार आणे भागही पळालो नाही.

माझ्या गिरणीला लागूनच इलाही मिस्त्रीचं लेथचं दुकान. मशीनच्या बाबतीत त्याचं डोकं चालतं आणि माणसांच्या बाबतीत ते तो चालवत नाही, म्हणून आमची दोस्ती टिकली. सगळी हकीकत ऐकून त्यानं बिडी विझवली.

"गड्या, तू कशाला पळतूस? रस्ताच तुज्या पायाखालनं पळवू की."

एका साखर कारखान्याच्या भंगारातून त्यानं रुंद रबरी पट्टा मिळवला, दोन रूळ घडवले आणि ते सगळं माझ्या गिरणीच्या मोटरला जोडलं. पट्टा फिरणार, मी त्यावर पळणार. ना कुत्रं, ना हमाल, ना गाडी. पहिल्या दिवशी इलाहीनं बटण दाबलं आणि मी मागच्या भिंतीवर जाऊन आदळलो. मग त्यानं आढ्याला दोर बांधला. दोन्ही हात वर करून तो धरायचा आणि पळायचं. यात एक सोय अशी, की पायांनी दगा दिला तरी माणूस लोंबकळत का होईना, शर्यतीत राहतो.

अडचण एकच होती. मोटर एक आणि कामं दोन. गिरणीच्या वरच्या चाड्यात ज्वारी असेपर्यंत पट्टा गरीब गाईसारखा चाले, आणि ज्वारी संपली की असा सुटे, की माझे पाय दिसेनासे होत. त्यामुळं कुणाचं दळण किती, यावर माझा वेग ठरायला लागला. लग्नघरचं दळण आलं की मी आरामात पळायचो. भाकरीपुरती पायली घेऊन कुणी आलं की मला घाम फुटायचा.

बायका डबे घेऊन बघत बसत. मनुबाई नावाच्या म्हातारीनं एकदा माझा अख्खा मैल शांतपणे पाहिला. मी उतरलो तशी तिनं विचारलं, "पोचला का रं कुटं?"

मी दुर्लक्ष केलं. पट्ट्याचे फेरे मोजून इलाहीनं हिशेब काढला होता, मैलाला सहा मिनिटं. माझ्या हातात दोन मिनिटं शिल्लक होती. तेवढ्यात वाटेत फेटासुद्धा बांधता आला असता.

परीक्षेचा दिवस आला. सुभेदारांनी मिलिटरी पद्धतीनं इलाहीच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं. ठीक आठ वाजता इलाहीनं मला पुलावरून सोडायचं आणि सुभेदारांनी दारात उभं राहून वेळ बघायची. दाराआड राही उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, या वेळी कानाकडं नाही. माझ्या छातीत मोटर सुरू झाली.

खालच्या पुलावर आठ वाजले. "पळ गड्या!" म्हणून इलाहीनं पाठीत थाप मारली.

पहिल्या पन्नास पावलांतच माझ्या लक्षात आलं, की हा रस्ता जाग्यावरून हलत नव्हता. सगळं मलाच हलवायचं होतं. त्यात तो चढ! माझ्या पट्ट्याला चढ नव्हता. शंभराव्या पावलाला पाय लटपटले आणि दोन महिन्यांच्या सवयीनं माझे दोन्ही हात वर गेले. वर दोर नव्हता. पण हात काही केल्या खाली येईनात, आणि खरं सांगतो, वर असले की जरा आधार वाटायचा.

वळणावर एक म्हातारी विळ्यानं गवत कापत होती. ती सुभेदारांची आई, धोंडुबाई. तिला ऐकायला कमी यायचं, म्हणून घरात परीक्षेचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं बघितलं, एक अनोळखी माणूस दोन्ही हात वर करून, तोंड वासून गावाकडं पळतोय. तिनं भारा टाकला आणि कासोटा खोचून माझ्या बरोबरीनं पळायला लागली.

"काय झालं रं लेकरा? कुणाला पान लागलं? साप चावला का?"

माझ्या तोंडातून फक्त वारा येत होता. मी हनुवटीनं पुढं, वरच्या अंगाला दाखवलं. तिकडं रस्त्याच्या टोकाला एकच घर होतं.

"माज्या घराला? आग लागली व्हय?"

मी दम घ्यायला मान खाली घातली. तिनं तो होकार धरला. मग सत्तर वर्षांची ती बाई विळ्यासकट अशी सुटली, की दोन वळणांत मला दिसेनाशी झाली.

धोंडुबाई उगाच पळत नाहीत हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. झऱ्यावरून पाणी नेणाऱ्या बायका डोक्यावरच्या घागरींसकट पळायला लागल्या. बादल्या घेतलेले बाप्ये आले. सगळे मला ओलांडून पुढं गेले. एक शेळीही गेली. जाताना एकजण म्हणाला, "पावनं, मोकळ्या हातानं कशाला येताय?"

सुभेदार दारात हाताच्या पंज्यावर घड्याळ धरून, ताठ उभे होते. समोरून पहिली त्यांची आई आली. तिच्यामागून गाव आलं. विचारपूस करायची रीत आगीच्या वेळी नसते. धडाधड पाणी पडलं. घरावर, वैरणीवर आणि सुभेदारांवर.

मी पोचलो तेव्हा सगळा उलगडा झाला होता. लोक रिकाम्या बादल्या पालथ्या घालून त्यावर बसले होते आणि पोट धरून हसत होते. मी उंबऱ्यापाशी आडवा झालो. हात अजून वरच होते. मागून इलाही बिडी ओढत, चालत आला. तोही माझ्यानंतर फार वेळानं नाही.

"नापास," मिशीतलं पाणी निपटत सुभेदार म्हणाले.

"साहेब, घड्याळ तर बघा," इलाही म्हणाला.

सुभेदारांनी बघितलं. काचेच्या आत पाणी खेळत होतं आणि काटे आठ वाजून सहा मिनिटांवर उभे होते.

"सा मिन्टं! गिरणीत बी येवढीच लागत्यात," इलाही म्हणाला.

"घड्याळ मेलंय. मेलेल्याची साक्ष आमी घेत न्हाई."

दाराआडून बांगड्या वाजल्या. राहीचे डोळे भरले होते. मला उठून काहीतरी बाणेदार बोलायचं होतं, पण उठवेना. तेवढ्यात चंद्राबाई पदर खोचून बाहेर आल्या.

"आवं, पळणारा जावई एकदा केला न्हवं? मागल्या दिवाळीला नानासो अंगठीपायी रुसून ताटावरनं उटला आन् पळाला. तुमी चार गडी मागं घातलं. घावला का?"

"न्हाई," सुभेदार म्हणाले.

"आजून घावला न्हाई. थोरली पोरगी वाट बघत बसलीया. आन् ह्याला," त्यांनी माझ्याकडं बोट केलं, "माज्या सासूबाईंनी गवताच्या भाऱ्यावरनं उठून मागं टाकलं. ह्यो रुसला तरी कुटवर जाईल?"

सुभेदारांनी मला पायापासून वर केलेल्या हातांपर्यंत नीट न्याहाळलं.

"पास," ते म्हणाले.

वैशाखात लग्न झालं. पट्ट्यावर राही आता कुरडया वाळत घालते.

राहिली पहिली दिवाळी. सासऱ्यांनी घड्याळ द्यायचं कबूल केलं होतं आणि ताटात निघालं ते तेच, पाणी गेलेलं, सहा मिनिटांवर थांबलेलं. जावयाला मान असतो की नाही? मीही रुसलो. ताटावरून उठलो आणि पुलाच्या दिशेनं पळत सुटलो. या वेळी तर उतार होता!

पहिल्या वळणावर मागून आवाज आला, "लेकरा, काय झालं रं?"

वळून बघितलं. कासोटा खोचलेला, हातात विळा. मी मुकाट्यानं दोन्ही हात वर केले आणि माघारी फिरलो.