दस्तगीरचाचांचा विमानतळ

दस्तगीरचाचा मोकळ्या माळावर बैलगाड्या थांबवत. हातात लाल फडकं आणि तोंडी एकच वाक्य, "पहले आस्मान बघा, मग पाऊल." गाडीवान खाली उतरे, बैल वगळता सगळे क्षणभर वर बघत, आणि मग चाचा फडकं खाली घेत.

हा माळ म्हणजे उस्मानाबादच्या बलदियाचा, म्हणजे आमच्या नगरपालिकेचा, विमानतळ. बेंबळीच्या वाटेवर मुरमाची धावपट्टी, एक पत्र्याची खोली, एक खांब आणि त्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. विमान वर्षातून एखादं यायचं, तेही कुणी बडा अंमलदार असला तर. एकदा एका नवरदेवानं चिडून विचारलं, की विमान दिसतंय तरी कुठं. चाचा शांतपणे म्हणाले, "दिसत न्हाय, तीच तर भीती." वऱ्हाड उन्हात उभंच राहिलं.

रोज सकाळी ते पिशवी झटकत, पट्टीच्या कडेच्या दगडांना चुना लावत, शेळ्या हाकलत. शेळ्यांमागच्या बाया त्यांना तोंडावर 'विमानवाले नवाब' म्हणत. चाचांना त्यात टोमणा कधी दिसलाच नाही. ते मान झुकवून तो मान स्वीकारत. मला मात्र त्यांची शिस्त आवडे.

मग हुकूम आला. विमानतळ बंद, त्या जागी कापसाची मंडी आणि दुकानं. बलदियात याद्या करण्याचं काम माझ्याकडे होतं. सामानाच्या यादीवर चाचांचा अंगठा उठला, की जागा ठेकेदाराच्या ताब्यात जाणार होती. सोमवारी जमीन सपाट करायला त्याची औतं येणार होती.

शनिवारी मी मोजायला गेलो. खांब एक. पिशवी एक, ठिगळांची. बादल्या दोन, पैकी एक गळकी. चुना लावलेले दगड दप्तरात एकशेवीस, जमिनीवर एकशे एकोणतीस. असला फरक मला सहन होत नाही. जास्तीचे नऊ दगड पट्टीच्या टोकाला गोल मांडलेले सापडले. एक उचलायला वाकलो, तर चाचांनी माझं मनगटच धरलं.

गोलाच्या मधोमध चार अंडी होती, मुरमाच्याच रंगाची. चार पावलांवर टिटवी ओरडून माळ डोक्यावर घेत होती. आमच्याकडे तिचं ओरडणं अशुभ मानतात, लोक दगड मारून तिला हाकलतात.

"मुनशीजी, अंगठा आज घेऊ नका," चाचा म्हणाले. "आठ-दहा रोज द्या. पिल्लं निघाली की आपल्या पायानं जातील."

एका टिटवीसाठी मंडी अडवायची का, असं मी विचारलं. त्यांनी बोटांवरचा चुना पुसला.

"घरवाली गेल्यापासून दिवसभर माझ्यावर ओरडणारं हितं दुसरं कोण हाय?"

मी यादी मिटली. दगडांचा आकडा जुळत नाही, फेरमोजणी करावी लागेल, असं कचेरीत लेखी कळवलं. त्यात खोटं काही नव्हतं. रोज दुपारी जाऊन मी दगड मोजू लागलो. दहाव्या दिवशी सकाळी गोल रिकामा होता आणि चार पिल्लं आईमागून जोंधळ्याच्या धसकटांत शिरत होती. चाचांनी अंगठा उठवला, किल्ली दिली आणि ते लोहाऱ्याला बहिणीकडे निघून गेले.

दगड मोजायला खरं तर पाव तास पुरे. त्या नऊही दिवस मी घरी पोचलो तो दिवेलागणीला.