बाबांचा आकडा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण चूक माझीच आहे.

आमचे बाबा, गोपीनाथ, कारखान्यात फोर्ज शॉपला, तापलेलं लोखंड ठोकायच्या विभागात. वर्धापनदिनाच्या रस्सीखेचीत बावीस वर्षं सगळ्यात मागे तेच. कमरेला रस्सा, टाचा जमिनीत. यंदा रिटायर होणार, म्हणजे शेवटचा सामना. आणि मला दिसलं काय? बाबा जेवून पेंगतात! मोबाइलवर वाचलं, वय वाढलं की पुरुषांचे हार्मोन उतरतात. झालं.

"टेस्ट करून घेऊ ना."

"मला काय झालंय?"

"काही झालं नाही तरी उतरतात, बाबा."

"मग उतरू दे. मी कुठे चढवले होते?"

तरी नेलंच. लॅबच्या चिठ्ठीवर होतं, रक्त सकाळी आठला द्या. त्या आठवड्यात बाबांची नाइट. गेटमधून बाहेर पडले तसे, हातात डबा, स्कूटरवर बसवून थेट अयोध्या नगरच्या लॅबमध्ये.

रिपोर्ट आला. कमी. मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला. आईने लगेच उडदाचे लाडू वळले. शेजारच्या सुलभाकाकूंनी विचारलं, लाडू कशाला? आईने सांगितलं. काकूंचे मिस्टर बाबांच्याच शॉपमध्ये. दुसऱ्या दिवशी कँटीनला लोक बाबांच्या ताटात आपापली अंडी ठेवायला लागले. कुणी हातातला पाना काढून घेई. "दादा, आप बैठिए."

चौथ्या दिवशी सामना. बाबांनी स्वतःच रस्सा शॉपमधल्या श्यामला दिला. "तू राहा मागे. माझं काही खरं नाही."

श्याम नव्वद किलोचा, पण टाच कधी रोवायची ते त्याला कुठे ठाऊक? सगळी टीम घसरत घसरत बक्षिसांच्या टेबलापर्यंत गेली. बाबा खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. हरल्यावरसुद्धा.

मग कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला, वेळ पाहिली, मग मला पाहिलं.

"रात्रभर जागलेल्या माणसाची सकाळ आठला होते का रे? झोप झाल्यावर घ्यायचं रक्त. आणि वयाने थोडं थोडं कमी होतंच, तो काय आजार नाही. ठणठणीत माणसाला टेस्टला नेलं कुणी?"

बाबांची नाइट असली की आमच्याकडे दुपारी कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाहीत. त्या घरात वाढलो मी. तरी विसरलो.

झोप काढून बाबांनी पुन्हा रक्त दिलं. "आलोच आहोत तर तूही दे," म्हणाले. मी पहाटे चारपर्यंत मोबाइलवर होतो. दिलं.

बाबांचं अगदी वयाला शोभेल असं. माझं बाबांपेक्षा कमी.

त्यांनी माझा कागद चार घड्या करून खिशात ठेवला. घरी आईने विचारलं, "याचं काय आलं?"

"छान आलं," बाबा म्हणाले. आणि पेपर उघडला.

तोवर एकतीस तारीख उलटली होती. बाबा रिटायर, रस्सा स्टोअरला जमा.

काल उदय म्हणाला, "यार, माझे बाबा पण जेवून पेंगतात. टेस्ट करवू का?"

"पेंगू दे त्यांना," मी म्हटलं. "रविवारी ग्राउंडवर घेऊन ये. रस्सा मी आणतो. एकीकडे तुझे बाबा, माझे बाबा, मागे माझेच. दुसरीकडे आपण दोघं. आणि खेचायच्या आधी माझा आकडा मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचेन. प्रॉमिस."