शेवटच्या उदाहरणाचं उत्तर

दर्यापूरच्या देवमनरावांनी गणिताचं पुस्तक आणलं, की आधी मागची उत्तरांची पानं फाडून बायकोच्या हवाली करायची, हा त्यांचा नेम. दहावीला गणितात दोनदा आपटून कसाबसा पास झालेला आणि जन्मभर एसटीत तिकिटं फाडलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर बारावीची जुनी पुस्तकं सोडवत बसे. परीक्षा नाही, मार्क नाहीत. सुटलं की बरं वाटतं, एवढंच. संध्याकाळी ते उत्तर वाचून दाखवत. लीलाबाई कुरड्यांच्या डब्यातून पान काढत, ओळीवर बोट ठेवत आणि सांगत, बरोबर की चूक. तिसरा शब्द नाही.

या खेपेला पुस्तकातलं शेवटचं उदाहरण अडलं. चेंडूच्या आत मावेल असा मोठ्यात मोठा डबा केवढा, इतकंच विचारलं होतं. लीलाबाई म्हणाल्या, चूक. दुसऱ्या रीतीनं केलं, उत्तर तेच. चूक. तिसऱ्या रीतीनंही तेच. असे एकवीस दिवस गेले. माणूस अर्धी दाढी सोडून वहीकडे पळू लागला. शेवटी थकून म्हणाला, "दहावीच्या मास्तरानं बरोबर वळखलं होतं मले. साक्षगंधावून आलो का सारे पुस्तकं रद्दीत देतो." लीलाबाई उठून आत गेल्या.

हा साखरपुडा पुतण्याचा, अंकुरचा, अकोल्याला होता. नवरीचे मामा शेखरराव कॉलेजात गणित शिकवतात हे कळल्यावर देवमनराव कसले थांबतात! पत्रिकेच्या पाठीवर आकृती काढून त्यांच्यापुढे धरली. मामांनी दोन मिनिटांत सोडवून उत्तर बरोबर असल्याचं सांगितलं. देवमनराव म्हणाले, घरी तर चूक निघतं, अन् तेही छापील पानावर पाहून.

छापील म्हटल्यावर मामाच चरकले. पुन्हा केलं. मग ताटातला बुंदीचा लाडू उचलून त्यावर पेन टेकवून पाहिलं. अंकुरचे दोन इंजिनिअर मित्र वाकले, त्यांची तिसरीच उत्तरं निघाली. नवरीला पाटावर मामानं आणायचं आणि मामा तर लाडवात अडकलेला. गुरुजींनी चारदा हाक मारली. आत वरण निवलं. नवरीची आई रडकुंडीला आली.

तेव्हा बायकांच्या बैठकीतून लीलाबाई उठल्या आणि सगळ्यांदेखत नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यायचं उत्तर पयल्याच दिवशी बरोबर होतं."



"मंग चूक कावून सांगे तू?" देवमनरावांनी विचारलं.

"शेवटचं होतं ना ते. मागचं पुस्तक सरलं तवा महिनाभर तुमी खिडकीत बसून रायले, कोनाशी बोलले नाई. मले पाहवत नाई तसं. गणित करून रायले का तुमी पोरासारखे दिसता. वाटलं, अजून चार दिवस चालू दे. रद्दीचं म्हनसान, हे काय ठाऊक मले!"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मामा हातातल्या लाडवासकट नवरीला आणायला धावले. देवमनरावांनी पत्रिका नीट घडी करून खिशात ठेवली.

परतताना त्यांनी अकोल्यातल्या दुकानातून एक जाडजूड पुस्तक घेतलं. बसमध्ये बसल्या बसल्या मागची पानं फाडली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली.

"नीट ठेवजो," ते म्हणाले. "आन शेवटच्या उदाहरणाले चूकच सांगजो."