प्रश्न क्रमांक सहा आणि सात

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता फिलोमिना डर्कनबाईंनी आपला उजवा पाय खासदार लॉर्कन गिलहूलीच्या समोरच्या खुर्चीवर ठेवला आणि गुडघ्याकडे बोट दाखवलं.

"बघ हा. एक्याऐंशी वर्षांचा आहे. दर गुरुवारी हा घेऊन मी टेकडी उतरते, कारण बस खाली दुकानापाशी थांबते. इस्पितळात जायला निघते आणि बसपर्यंत पोचेस्तोवर खरंच इस्पितळात जायच्या लायकीची होते."

"मग थांबा कुठे हवा?"

"वर, चर्चच्या फाटकापाशी. आमच्या टेकडीवर ऐंशी मतं आहेत, हे आपलं सहज सांगते."

"मंत्र्यांना विचारतो, फिलोमिना."

नॉकावीन गावात गॉकनच्या पबमागच्या खोलीत दर शनिवारी लॉर्कनचं क्लिनिक भरत असे. तिथे औषध एकच मिळे : मंत्र्यांना प्रश्न. अडलेलं पेन्शन, तुंबलेलं गटार, शेजाऱ्याचा मोकाट बैल, दुखणं कुठलंही असो, लॉर्कन नुसतं 'विचारतो' म्हणून थांबत नसे, खरोखरच विचारत असे. अठरा वर्षांत त्यानं संसदेत अकरा हजारांवर प्रश्न विचारले होते. इतर खासदार जगाच्या भवितव्यावर बोलून टीव्हीवर दिसत. लॉर्कनला नॉकावीनच्या गटाराची खोली तोंडपाठ होती. त्याचं नाव दिसलं की मंत्रालयातले कारकून आधी चहाचं आधण ठेवत आणि मग कागद उघडत.

बारा वाजता मॅलकी टूही आला. खालचं दुकान त्याचं.

"लॉर्कन, थांबा वर नेणार अशी कुजबुज आहे. नेला की माझं दुकान बसलं म्हणून समज. बसची वाट बघणारी माणसं हेच माझं गिऱ्हाईक. थांबा आहे तिथेच राहील, एवढं मंत्र्याकडून वदवून घे."

"विचारतो."

"विचारच. आमच्या रस्त्यावर साठ मतं आहेत. मागच्या खेपेला तू किती मतांनी आलास रे?"

"अडतीस."

"मी काही बोललो का?" असं म्हणून मॅलकी गेला.

सोमवारी डब्लिनच्या कचेरीत डिंफ्नानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. लॉर्कनच्या तोंडच्या बोलण्याचं संसदीय भाषेत रूपांतर करण्याचं काम ती अठरा वर्षं करत होती.

"लॉर्कन, हे दोन प्रश्न एकमेकांना खातायत."

"तोंडी प्रश्नांच्या सोडतीत टाक दोन्ही."

"आणि निघाले तर?"

"दोन वर्षांत माझा एक तरी निघालाय का? सोडतीत न आलेल्यांना लेखी उत्तर मिळतं. त्यात लिहिलेलं असतं की या विषयात मंत्र्यांची काही भूमिका नाही. ते दोघांना पाठवू. दोघंही सरकारवर चिडतील, माझ्यावर नाही."

डिंफ्नानं मान डोलावली. प्रश्न दाखल झाला की त्याची प्रत मतदाराला लगेच धाडायची, म्हणजे त्याला वाटतं काम झालंच. त्या रिवाजाप्रमाणे तिनं दोन पाकिटं त्याच दिवशी नॉकावीनला धाडली. बुधवारी सोडत झाली. लॉर्कनचे दोन्ही प्रश्न निघाले, तेही लागोपाठ. सहा आणि सात.

"एक मागे घे," डिंफ्ना म्हणाली.

"कुठला?"

डिंफ्ना विचार करत असतानाच फोन वाजला. फिलोमिनाबाई होत्या. पत्र पोचलं होतं, टेकडीवरच्या बारा जणी गॅलरीत बसायला येणार होत्या. चहाबरोबर काही मिळतं का, अशी चौकशी होती. लॉर्कन तो फोन ठेवतो तोच मॅलकीचा आला. त्याचे नऊ जण होते. त्यांना चहा नको होता, संसदेतला बार कुठे आहे ते कळलं तरी चालणार होतं.

"आता कुठलाच मागे घेता येणार नाही," लॉर्कन म्हणाला. "यातला कुठलाही मागे घेतला तर गॅलरीतल्या निम्म्या लोकांना आपण डब्लिनला का आलो हेच कळणार नाही."

एकवीस जण एकाच बसनं आले, कारण बस एकच होती. टेकडी डावीकडच्या बाकांवर बसली, रस्ता उजवीकडच्या. चार तासांच्या प्रवासात डावीकडून उजवीकडे फक्त खोकला गेला. गॅलरीत शिपायानं प्रत्येकाच्या हातात त्या दिवसाच्या प्रश्नांची यादी दिली. फिलोमिनाबाईंनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि मग मॅलकीकडे वळल्या.

"सात नंबर तुझा का रे?"

"सहा तुमचा वाटतं."

"म्हणजे दोन्ही यानंच विचारलेत."

एकवीस जणांनी मिळून खाली बघितलं. लॉर्कन छताच्या नक्षीकामाचा अभ्यास करत होता.

वाहतूकमंत्री उठले. "सभापती महोदय, प्रश्न क्रमांक सहा आणि सात एकाच गावाविषयी असल्यानं मी त्यांना एकत्र उत्तर देतो." कारकुनानं गावाचं नाव बघून दोन्हींची एक मोट बांधली होती. मंत्री वाचू लागले, "नॉकावीनचा बसथांबा तातडीनं हलवावा, तसंच तो कुठल्याही परिस्थितीत हलवू नये, या माननीय सदस्यांच्या दोन्ही मागण्यांशी मी पूर्णपणे सहमत..."

मंत्री थांबले. आपण काय वाचतो आहोत ते त्यांनी कारकिर्दीत पहिल्यांदाच वाचलं.

सभागृह हसण्यात बुडालं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "लॉर्कन, पुढचा प्रश्न आरशाला विचार." मंत्र्यांनाही आता धीर आला. "माननीय सदस्यांनी आधी स्वतःशी एकमत करावं, मग माझ्याकडे यावं," असं म्हणून ते बसले. पुन्हा हशा. मॅलकीनं टोपी डोक्यावर ओढली. अडतीस मतं आता नेमकी कुठल्या दारानं बाहेर पडतायत, ते डिंफ्नाला अधिकाऱ्यांच्या बाकावरून स्पष्ट दिसत होतं.

"पूरक प्रश्न," सभापती म्हणाले.

लॉर्कन उठला. त्याच्या हातात कागद नव्हता.

"दोन्ही प्रश्न माझेच आहेत आणि दोन्ही खरे आहेत. सहामध्ये एक गुडघा आहे, सातमध्ये एक दुकान. दोन्ही आत्ता वर गॅलरीत बसलेत. यातला कुणाचा त्रास थोरला, हे मी ठरवायचं नसतं. मला लोकांनी विचारायला पाठवलंय, म्हणून ज्यानं जे सांगितलं ते मी विचारलं. ठरवायला तुम्हाला नेमलंय, त्यासाठी सरकारी गाडीही तुम्हाला मिळालीय. तेव्हा मंत्रिमहोदयांनी वर बघून एवढंच सांगावं, यांच्यातल्या कुणाला तुम्ही नाही म्हणताय?"

मंत्र्यांनी कागद चाळला. "या विषयात माझी कोणतीही..."

"ते तळाचं वाक्य मला पाठ आहे. मी वर बघायला सांगितलं होतं."

मंत्र्यांना वर बघावंच लागलं. फिलोमिनाबाईंनी गुडघा कठड्याच्या गजांमधून दिसेल असा पुढे केला होता. शेजारी मॅलकीनं टोपी काढून छातीशी धरली होती, जणू दुकान तिच्यातच होतं.

"दोन्हीकडे थांबायला... बसला... तशी हरकत नसावी," मंत्री म्हणाले.

"कधीपासून?"

"लवकरच."

"तुमच्या खात्याचं मागचं 'लवकरच' सात वर्षं चाललंय. बटाटे काढायच्या आत?"

मंत्र्यांनी सल्ल्यासाठी अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकारी आपापले बूट बघत होते. "बटाटे काढायच्या आत," मंत्री म्हणाले, आणि लघुलेखकांनी ते लिहून घेतलं. गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी आहे. शिपायानं एकवीस जणांना एकदमच दटावलं, कारण टाळ्या दोन्ही बाजूंनी वाजत होत्या.

चहाच्या वेळी फिलोमिनाबाई लॉर्कनला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरा, तुझ्यासारखा विचारणारा मी पाहिला नाही. पण पहिल्या पसंतीचं मत मात्र तुला नाही. आमच्या घरात तीन पिढ्या ते दुसऱ्या पक्षाला जातं. मोडलं तर बाप कबरीतून उठून येईल. दुसरी पसंती तुझी, मतपत्रिकेवर तुझ्या नावापुढे दोनचा आकडा."

मॅलकीचा मेव्हणाच निवडणुकीला उभा राहणार होता. "तो गाढव आहे, पण बायकोचा भाऊ आहे," तो म्हणाला. "दोन नंबर तुला, लॉर्कन. मनापासून."

बटाटे काढायच्या आत बस दोन्हीकडे थांबू लागली. वसंतात निवडणूक झाली. मोजणी शाळेच्या जिमखान्यात होती. जागा चार, आणि पहिल्या फेरीअखेर लॉर्कन सहावा. डिंफ्नानं फळ्याकडे बघणं सोडून पिशवीतलं सँडविच काढलं. मग एकेक उमेदवार बाद होऊ लागला आणि त्यांची मतं पुढच्या पसंतीला वाटली जाऊ लागली. उजव्या पक्षाचा गठ्ठा फोडला, दोन नंबर गिलहूली. डाव्या पक्षाचा फोडला, दोन नंबर गिलहूली. मॅलकीचा मेव्हणा बाद झाला, त्याच्या गठ्ठ्यात तर मेव्हण्याच्या स्वतःच्या घरच्या मतांवरही दोन नंबर गिलहूलीच असावा, अशी मोजणाऱ्यांत चर्चा होती. अकराव्या फेरीत लॉर्कन दोन हजारांच्या फरकानं निवडून आला. जो कुणाचाच पहिला नव्हता तो सगळ्यांचा दुसरा निघाला.

लोकांनी त्याला खांद्यावर उचललं. डाव्या पायाखाली मॅलकीचा खांदा होता.

"अभिनंदन," मॅलकी खालून म्हणाला. "दुकानासमोरचा थांबा तेवढा काढून टाक. थंडीत सगळे आत येऊन हीटरपाशी बसतात, विकत काडीपेटीसुद्धा घेत नाहीत, वर माझाच पेपर वाचून मलाच बातम्या सांगतात."

"खबरदार," उजवीकडून फिलोमिनाबाईंची काठी वर आली. "त्या हीटरपाशी माझ्या गुडघ्याला जेवढं बरं वाटतं तेवढं इस्पितळातही वाटत नाही. चर्चपाशी वारा खात कोण उभं राहील? काढायचा तर तो काढ, लॉर्कन."

खांद्यांवर डुलत लॉर्कननं गर्दीवरून हाक मारली, "डिंफ्ना, लिहून घे. दोन प्रश्न आहेत."

"ऐकले मी," डिंफ्ना सँडविच खाली ठेवत म्हणाली. "दुकानाचा वाहतूकमंत्र्यांना टाकते. गुडघ्याचा या खेपेला आरोग्यमंत्र्यांना जाऊ दे."