चाळिसाव्या घराचं कुलूप

नेकनूर व पंचक्रोशीतील तमाम जनतेस कळविण्यात येते की, लग्नाच्या पंगतीआधी कुणी भाताच्या पातेल्यात तीन ठिकाणी पळी खुपसताना आढळल्यास घाबरून जाऊ नये. ते आमचे लिंबाजी मास्तर आहेत.

लिंबाजी माझ्याच शाळेत गणित शिकवतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी रजा टाकून ते विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला बसले, आणि 'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीशी त्यांचं वैर जडलं. "कोण म्हणला बे असं?" ते आचाऱ्यावर डाफरायचे. "वरचं शीत शिजलेलं, मधलं कच्चं, खालचं करपलेलं! नमुना लबाड, तर निष्कर्ष बी लबाड!"

यंदा शेवटचा प्रकल्प होता: गावातली घरं पिण्याचं पाणी किती लांबून आणतात. सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून त्यांनी चाळीस उचलल्या. सरपंच लाडात आले, "मास्तर, आमचं घर घ्या की. नळ बी हाय, चहा बी मिळंल."

"चिठ्ठी न्हाई निघाली, सरपंच."

एकोणचाळीस घरं झाली. चाळिसाव्याला कुलूप! माणसं ऊसतोडीला गेलेली, थेट कर्नाटकात. फोन बंद. प्रकल्प द्यायला चार दिवस उरलेले. हुकला तर वर्ष गेलं, आणि पुन्हा रजा कोण देणार? मी म्हणालो, "शेजारच्याला विचारा अन् मोकळे व्हा." तर या गृहस्थानं टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून फडाचा पत्ता काढला आणि मलाच बसमध्ये कोंबलं.

अर्ध्या वाटेत हा बडबड्या माणूस खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "माझे मायबाप बी कोयत्यावर जायचे. घरं-माणसं मोजायला कुणी आलं की आमच्या दाराला कुलूप. लोक शेजारी इचारून निघून जायचे. वाटायचं, एकदा तरी कुणी आमाला हुडकत यावं."

उसाच्या फडात पोहोचलो. पाचटाच्या झोपडीपुढं, कोपीपुढं, चाळिसाव्या घरच्या रुक्मिणबाई मोळी बांधत होत्या. गावचे मास्तर बघून पांढऱ्याफटक पडल्या. "कोण गेलं, मास्तर?"

"कुणी न्हाई गेलं. गावाकडं पाणी किती लांबून आणता, तेवढं इचारायचं हाय."

"तेवढ्यासाठी? मग शेजारी कावून न्हाई इचारलं?"

"चिठ्ठी तुमची निघाली."

बाईंनी हातातली मोळी तिथंच टाकली. मग फडाकडं तोंड करून नवऱ्याला ओरडल्या, "आवं, या की लवकर! मास्तर आलेत... आपल्याच घरी आलेत, चुकून न्हाई!"