गुलाबकाकांचा वरचा मजला

गुलाबकाका घरात हेल्मेट घालत. स्कूटरवर नाही, फक्त घरात. एकदा चौकात पोलिसानं अडवलं, तर म्हणाले, "साहेब, हेल्मेट घरी आहे. बाहेर काहून घालायचं? आभाळ थोडीच पडून राहिलं?"

हे आमचे घरमालक. लकडगंजात त्यांची जुनी दुमजली इमारत होती. खाली ते एकटेच. वर आम्ही भाड्यानं: मी, सचिन आणि नुकतीच रांगायला लागलेली इरा. घर बघायला गेलो तेव्हा हेल्मेट खुंटीला होतं, म्हणून आम्ही फसलो.

इमारतीला काही झालंय हे त्यांना मान्यच नव्हतं. भिंतीला तडा गेला की ते दुकानदारांकडून कॅलेंडर मागून आणत आणि तड्यावर टांगत. तडा वाढला की आणखी लांब कॅलेंडर. आमच्या जिन्यात एकाच वेळी बरीच वर्षं चालू होती.

पावसाळ्यानंतर मात्र मला धास्तीच बसली. छताचे पोपडे पडायला लागले. एक फोडणीत पडला, एक इराच्या दुपट्यावर. गॅलरीच्या कडेला गंजलेल्या सळ्या दिसू लागल्या. कुठे खट्ट झालं की मी इराला उचलून दाराच्या चौकटीत उभी. शेवटी आम्ही दोघं खाली गेलो.

"काका, करार संपायच्या आधीच घर सोडावं म्हणतोय. इथं भीती वाटते."

"काहून घाबरून राहिली वं? काही नाही होत," काका हेल्मेटच्या आतून म्हणाले.

"मग हे डोक्यावर कशाला?"

"सवय आहे मले." त्यांनी चिवड्याची बशी पुढे सरकवली. "अग्रीमेंट उन्हाळ्यापर्यंतचं आहे गा सचिन. असं मधातच नाही जाता येत."

सचिन म्हणाला, "मी इंजिनीअरला घेऊन येतो. तोच सांगेल."

"आण ना. चिवडा खाते का तो?"

इंजिनीअर यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत इरा रडली म्हणून वळले. उंबरा ओलांडला आणि मागे धडाड्कन आवाज झाला. धूळ बसली तेव्हा गॅलरीची अर्धी कड दोरीसकट खाली अंगणात होती. सचिन आतून हाका मारत होता आणि मी उंबऱ्याशीच, खालच्या कपड्यांकडे बघत.

तेवढ्यात काका अनवाणी जिना चढून आले. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी इराच्या डोक्यावर ठेवलं. ते तिच्या खांद्यापर्यंत आलं. तिला छातीशी घेऊन, तिच्यावर ओणवे होऊन ते एकेक पायरी उतरले. मागून आम्ही. रस्त्यावर आल्यावरही ते इराला माझ्याकडे देईनात.

"जा," ते म्हणाले. "आजच जा. अग्रीमेंट गेलं खड्ड्यात."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी इराला त्यांच्याकडून घेतलं. त्याच दिवशी आम्ही सचिनच्या बहिणीकडे गेलो आणि पुढे रामदासपेठेत लहानसं घर घेतलं. इमारत रिकामी झाली. काकांना त्यांचा पुतण्या भिवापूरला घेऊन गेला.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. मी बोलायचं ठरवून ठेवलं होतं, सगळं: तडे, सळ्या, ते चिवडे. पण आधी विचारलं, "कसं आहे तिथलं घर?"

"पक्कं आहे वं. नवं बांधकाम. वरतं कोणी चाललं तरी खाली काहीच ऐकू येत नाही." मग म्हणाले, "तुमची पोरगी रांगे तं मले खाली समजे. आता सैपाकघरात गेली, आता दारापाशी. मीही खाली तिच्यासंग तसाच फिरत जाओ. तुमाले आधीच जाऊ द्यायले पाहिजे होतं. मन नाही झालं."

मी फोन तसाच चालू फरशीवर ठेवला. इरानं तो पाहिला आणि हात आपटत त्याच्याकडे रांगत निघाली.